मुदतवाढ

१७ जानेवारी

आज नवलच घडलं. धाकटा भाऊ वर आला. तो खालच्या मजल्यावर राहतो, मी वरच्या, मध्ये एकच जिना. पण गेल्या वर्षभरात त्याने तो चढल्याचं मला आठवत नाही. काही सांगायचं असलं की खालूनच "ताईऽऽ" म्हणून ओरडतो, नाहीतर बायकोला पाठवतो. आज आला, खुर्चीत बसला, मी केलेला चहा नाक न मुरडता प्यायला आणि म्हणाला, "ताई, तू आयुष्यात कुठे गेलीच नाहीस गं."

म्हटलं, "आज लक्षात आलं होय तुझ्या?"

"बबडीकडे जाऊन ये. नुसती पंधरा दिवस नाही, चांगली तीन महिने. पर्यटक व्हिसा मिळतो. धावपळ सगळी मी करतो."

बबडी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. लग्न करून परदेशात गेली त्याला सहा वर्षं झाली. आईबाप दोघे नोकरीवर, त्यामुळे ती लहानाची मोठी माझ्या खोलीतच झाली. माझी रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं सोडून मी तिच्याशी पत्ते खेळायचे.

"विचार करते," असं मी भावाला सांगितलं. विचार कसला डोंबलाचा! तो जिना उतरून खाली पोचेपर्यंत माझी मनातली बॅग भरून झाली होती.

२१ जानेवारी

चार दिवस डोक्यात एकच किडा. हा इतका गोड का झाला?

पाच वर्षं याने माझं डोकं खाल्लं. घर विकू या, मोठा खरेदीदार आलाय, अख्खा प्लॉट हवाय त्याला, तू फक्त सही कर. मी नाही केली. बाबांनी मरताना लिहून ठेवलंय: घर मुलाचं, पण वरच्या दोन खोल्यांत मुलगी राहील, आणि ती राहते तोवर घर विकता येणार नाही. बाबा माझे खमके. सलग सहा महिने दुसरीकडे राहायला गेली तर हक्क संपला, असंही एक कलम त्यात आहे. ते लग्नासाठी होतं. हिचं कुठेतरी जमेल अशी बिचाऱ्यांना शेवटपर्यंत आशा होती. माझी चाळिशी उलटली तेव्हाच ते कलम मेलं.

मला वाटतं, धाकटा दमला. हरला म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, म्हणून परदेशवारीचा नैवेद्य. असो. मी काही उकरून काढणार नाही. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं.

५ फेब्रुवारी

एजंटाकडे गेलो. एका जिन्याखालची कचेरी, आत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर. एजंट माणूस बडबड्या. फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, एकतीस वर्षं हे कान हेडफोनखाली झाकलेले होते. इतक्या वर्षांत कोणी मागितले नाहीत."

मी टेलिफोनच्या ट्रंक ऑफिसात ऑपरेटर होते. चार नंबरचा बोर्ड. आम्हाला एकमेकींची नावं घ्यायची सवयच नव्हती, चार नंबर, सात नंबर, असंच. सात नंबर अजून माझी मैत्रीण आहे आणि मी अजून तिची चार नंबर. तिला आज सगळं सांगितलं तर म्हणाली, "धाकटा स्वतःहून? त्याला ताप-बीप आलाय का?" ती पहिल्यापासूनच संशयी.

१९ फेब्रुवारी

एजंट म्हणतो, एकटी बाई, निवृत्त, नवरा नाही, पोरं नाहीत, तिकडच्यांना वाटणार ही आली की परत जायचीच नाही. परत येण्यासाठी काहीतरी इथे आहे असं दाखवायला हवं. माणसाने आपल्या आयुष्याचा जमाखर्च असा परक्याच्या टेबलावर मांडायचा म्हणजे लाज वाटते.

आणि धाकट्याने काय करावं? घरी येऊन कपाट उघडलं आणि बाबांचा तोच कागद बाहेर काढला. ज्या कागदावर पाच वर्षं दात खात होता तोच! त्याची रीतसर नक्कल करून आणली, वकिलाचा शिक्का मारून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "ताई, हे तुझं परत येण्याचं कारण."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला दिसू नये म्हणून मी भांडी आवरायला लागले. भावजय दारात उभी होती, तीही म्हणाली, "हो ना ताई, तुमचं घर आहे हे." लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा म्हणाली.

१२ मार्च

मुलाखत झाली. काचेपलीकडचा साहेब कोवळा होता. माईक खरखरत होता, वायर सैल आहे असं मी त्याला सांगितलं, तर त्याने हलवून बघितली आणि खरखर थांबली. तिथेच अर्धं काम झालं.

"किती दिवस राहणार? परत का येणार?"

मी पिशवी पुढे सरकवली. म्हटलं, "माझं घर आहे. मी नसले तर ते ओस पडेल." त्याने कागद वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि झालं. तीन महिन्यांचा व्हिसा.

६ एप्रिल

सामान भरतेय. भावजय मदतीला आली. गरम कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "ताई, थोडे जास्तच घ्या. न जाणो, मुदत वाढवून मिळाली तर?" तिकडे उन्हाळा असणार आहे हे तिच्या गावीही नाही. पण बोलली प्रेमाने. मी दोन स्वेटर टाकले.

१० एप्रिल

निघते. किल्ल्या धाकट्याकडे दिल्या. सात नंबर विमानतळावर आली होती. म्हणाली, "लवकर ये गं." तिला निरोप देता येत नाही, उगाच तोंड पाडते.

११ एप्रिल

पोचले. बबडी गळ्यात पडली ती सोडेचना. किती वाळलीय! तिचं घर छोटं पण नेटकं, चौथ्या मजल्यावर. मला खिडकीची खोली दिलीय. खाली ट्रामचे रूळ आहेत. जावई स्वभावाने मऊ, हळू बोलतो. संध्याकाळी तिघं जेवलो. मी विचारलं, "तुझा बाबा बोलला का गं काही? मी निघाले तेव्हा हळवा झाला होता." बबडी उठून पाणी आणायला गेली. भरलेला जग टेबलावरच होता.

२६ एप्रिल, रविवार

आता नियम करून टाकला. दर रविवारी सकाळी दहाला, आमच्याकडच्या दहाला, मी घरच्या फोनवर फोन करणार. मोबाइलवर नाही. मोबाइलवरचा माणूस कुठे उभा आहे ते कळत नाही. तारेचा फोन घरी असतो, तो वाजला म्हणजे घर वाजलं. बबडी हसते मला, "आत्या, कोण वापरतं गं आता लँडलाइन?" मी वापरते. आणि धाकट्यानेही कबूल केलं. म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं."

१७ मे, रविवार

आठवडाभर बसच्या सहलीला गेले होते. एकटी! बसमध्ये सगळे माझ्यासारखेच पिकलेले. समुद्र बघितला. मी ज्या गावांना वर्षानुवर्षं लाइन जोडून दिल्या, त्यातलं एक गाव प्रत्यक्ष पाहिलं. टपाल कचेरीच्या पायरीवर बसून ब्रेड खाल्ला. या गावाचा कोड मला अजून पाठ आहे, पण तिथे इतका वारा असतो हे एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. अर्थात आम्ही ऐकतच नव्हतो. नोकरीत पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: बोलणं ऐकायचं नाही, लाइन ऐकायची. स्वच्छ आहे ना, तुटत नाही ना, एवढंच.

मी सुखात आहे. असं लिहायला भीती वाटते, पण आहे.

धाकट्याने फोन पहिल्या रिंगला उचलला. तीन आठवडे बघतेय, पहिल्या रिंगला! पूर्वी वाजून वाजून बंद पडायचा, उचलायला कोणी उठायचं नाही. माणूस दूर गेलं की किंमत कळते, हेच खरं.

७ जून, रविवार

वरचं छप्पर गळतंय म्हणे. माझं सामान खाली आणून ठेवलंय. मी म्हटलं, पलंगही? म्हणाला, पलंगही, भिजला असता. इतकी काळजी! कपाटाची किल्ली कुठे आहे विचारली, ती सांगितली.

मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? दुरुस्ती चालू आहे, धूळ, गोंगाट. तू आत्ता येऊन काय करणार? चार महिने वाढवून घे. बबडीही एकटी असते. मजा कर."

मी म्हटलं, "दुरुस्तीचा आवाज तर येत नाहीये."

"आज रविवार ना. कामगार सुट्टीवर."

बरोबर आहे. माझ्याच डोक्यात येत नाही.

११ जून

मुदतवाढीवरून घरात वेगळंच चाललंय. मी मोठ्या हौसेने बबडीला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, तुला कंटाळा आला असेल तर तू जा हं परत. मी तिकीट बदलून देते. खरंच." असं कुठे पाहुण्याला म्हणतात? मला लागलं. म्हटलं, "मी जड होतेय का गं तुला?"

तिने माझा हात धरला आणि रडायला लागली. जावई स्वयंपाकघरातून बाहेर आला, तिच्याकडे एकदा बघितलं आणि परत आत गेला.

यांच्यात काहीतरी बिनसलंय. मी काही आंधळी नाही.

१४ जून, रविवार

बबडी कामाला गेली तेव्हा जावयाला समोर बसवून झाडलं. म्हटलं, "जावईबापू, माझी पोर आतल्या आत कुढतेय. तुमच्यात काय असेल ते मिटवा. मी चार महिने राहणार आहे, तिच्या पाठीशी." तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "आत्या, तुम्ही तिच्याशीच बोला. नीट विचारा तिला." म्हणजे चूक कबूल.

फोन केला. पहिली रिंग. पण लाइनवर इको येतोय. त्याचं प्रत्येक वाक्य घुमून परत येतं. मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडची लाइन बिघडलीय, तक्रार नोंदव." तो म्हणाला, "हो हो, उद्याच." इको दोन प्रकारचा असतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं निमूट ऐकून घेतलं.

२४ जून

मुदतवाढीच्या कचेरीत जाऊन आले. लांबलचक हॉल, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, हातात टोकन. खिडकीतल्या बाईंशी इथली भाषा मी माझ्यापुरती बोलले. ट्रंक लाइनवर शिकलेली आहे, पुस्तकी नाही पण चालते. बबडीला मी मागेच उभं केलं.

"अजून काय बघायचं राहिलंय?" बाईंनी विचारलं.

मी सहलींची चिठ्ठी दिली. डोंगर, दोन तळी, एक जुना किल्ला. त्यांना बरं वाटलं असावं. मग घराचा कागद मागितला, तो दिला. सही कुठे करायची ते त्यांनी बोटाने दाखवलं. मी माझी लांबलचक सही केली, शेपटी ओढून.

बबडी मागे म्हणाली, "आत्या, थांब जरा." मी वळून बघितलं तर ती म्हणाली, "काही नाही. पेन नीट चालतंय ना?"

१० नोव्हेंबरपर्यंत मंजूर! येताना आम्ही ट्राममधून आलो. मी इतकी बोलत होते की समोरची म्हातारी हसायला लागली. बबडी मात्र खिडकीबाहेर.

१९ जुलै, रविवार

इको वाढलाय. आज तर धाकट्याचा खोकला तीनदा ऐकू आला. टेलिफोनवाले काम म्हणून करत नाहीत. आमच्या वेळी असं असतं तर सुपरवायझरने रजिस्टर डोक्यात घातलं असतं.

पण घर किती शांत असतं! टीव्ही नाही, भांडी नाहीत, भावजयीचा आवाज नाही. म्हटलं, "कुठे आहे ती?" म्हणाला, "झोपलीय." सकाळी दहाला! मी नसल्यावर घरात शिस्त कशी असणार म्हणा. तरी शांततेचं कौतुक वाटतं. पूर्वी खालून इतका गोंधळ यायचा की मला वर रेडिओ ऐकू येत नसे.

९ ऑगस्ट, रविवार

डोंगर पाहिला. पायऱ्यांनी वर गेले नाही, दोरीच्या पाळण्यातून गेले. वर एका बाईंनी माझा फोटो काढला. मी त्यात चांगली दिसते. धाकट्याला सांगितलं, तर म्हणाला, "बघ! उगाच आली असतीस परत." आणि जरा थांबून, "ताई, तू खूश आहेस ना?" त्याचा आवाज भरून आला होता. लाइन इतकी खराब असूनही मला ते कळलं.

३० ऑगस्ट, रविवार

सात नंबरचा फोन आला होता, सहलीला असल्याने चुकला. परत केला तर लागला नाही. ती मुलाकडे गेली असणार, तिथे रेंज नसते.

धाकट्याला गंमत म्हणून म्हटलं, "मी आत्ताच येऊ का रे? घराची आठवण येते." लाइन गेली असं वाटलं. "हॅलो, हॅलो," म्हटलं तर होता. म्हणाला, "ताई, तिकीट बदललं की सगळं फुकट जातं. आणि छपराचं काम संपलेलं नाही. ऑक्टोबरभर काढ कसातरी."

कसातरी काय म्हणायचं! मी इथे आनंदात आहे. घराची आठवण येते ती वेगळी. वरच्या खोलीत दुपारी उजवीकडच्या खिडकीतून ऊन येतं आणि चार वाजता पलंगावरून उतरतं. एवढंच आठवतं, दुसरं काही नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

बबडीची तब्येत बरी नाही. खात नाही, झोपत नाही. आज मी तिच्या केसांना तेल लावत बसले होते, लहानपणी लावायचे तसं. ती पाठमोरी. म्हणाली, "आत्या, तू मला कधी मारलंस का गं?"

"एकदा. माझ्या हेडफोनची वायर कापलीस तेव्हा."

"आता मारशील?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि टपली मारली. ती रडली नाही या वेळी. नुसती बसून राहिली. जावयाशी परत बोलायला हवं.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिली रिंग. इको. धाकटा म्हणाला, "ताई, आता थोडेच दिवस." म्हटलं, "थोडे कुठे, महिनाभर आहे अजून." म्हणाला, "हो, तेच म्हणतोय मी."

११ ऑक्टोबर, रविवार

आज फोन लागला नाही.

आधी मी चिडले. परत लावला. परत लावला. मग नीट ऐकलं. खराब लाइनचा आवाज वेगळा असतो, उचलत नाहीत त्याचा वेगळा, गुंतलेल्या नंबराचा वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. हा कनेक्शन कायमचं काढल्याचा टोन होता. एकतीस वर्षांत मी हा टोन ऐकून किती लोकांना सांगितलं असेल, "साहेब, हा नंबर आता नाही." आवाजात काही भाव न आणता सांगायचं, असा नियम होता.

फोन हातातच होता. बबडी दारात उभी होती. म्हणाली, "आत्या, तो नंबर आता लागणार नाही."

मग तिने सांगितलं. मे महिन्यातच ते दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सामान हलवलं, माझंही. रिकाम्या घरात फक्त फोन ठेवला होता, जमिनीवर. दर रविवारी धाकटा किल्ली घेऊन जायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि माझा फोन वाजायची वाट बघायचा. पहिल्या रिंगला उचलायचा, कारण तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

मी म्हटलं, "का?"

"सहा महिने, आत्या. बाबांच्या, म्हणजे आजोबांच्या कागदात..."

मेलेलं कलम! मी लग्न केलं नाही, पळून गेले नाही, कुठे संसार थाटला नाही. मी डोंगर बघायला गेले होते.

"किती झाले?" मी विचारलं.

"काल पूर्ण झाले."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. बाबांनी शपथ घातली होती गं. मी रोज सांगणार होते. रोज."

शपथ सहा महिन्यांचीच होती वाटतं. पोरीने सहा महिने तोंड मिटून घेतलं आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी तिच्या मनाने तिला खायला सुरुवात केली. मला राग आला. असा राग मला आजवर कोणाचाच आला नव्हता, धाकट्याचाही नाही. धाकटा मला कधी आवडत नव्हता, हे निदान आम्हा दोघांना माहीत होतं. हिला मी पत्ते शिकवले.

ती म्हणाली, "मार मला."

मी म्हटलं, "तुझा चहा उतू जातोय." आणि जाऊन गॅस बंद केला.

१२ ऑक्टोबर

धाकट्याला मोबाइलवर फोन केला. त्याने लगेच उचलला. इको नव्हता. स्वच्छ लाइन, मागे टीव्ही, भावजय कोणावर तरी ओरडत होती.

"ताई, तुझं सामान सगळं नीट आहे. तुझ्यासाठी एक खोली बघतोय, चांगली, वयस्कर लोकांची सोय असते तिथे. नर्स असते. तुला सोबत मिळेल."

तो बोलत राहिला. त्याच्या कर्जाचं, पोटदुखीचं, भावजयीच्या गुडघ्यांचं. मी पहिल्यांदा लाइन ऐकली नाही, बोलणं ऐकलं. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझी सहल घडवून आणली. "एवढं फिरलीस, कोणी पाठवलं असतं तुला?" असंही म्हणाला. मी ठेवून दिला.

१५ ऑक्टोबर

सात नंबर घराकडे जाऊन आली. तिला मीच पाठवलं. म्हणाली, फाटकाला नवं कुलूप आहे. आत माणसं आहेत, दारं-खिडक्या काढून ट्रकमध्ये भरतायत. "तुझी उजवीकडची खिडकी पण नेली गं." मग माझ्याआधी तीच रडली. ऑगस्टमध्ये तिने घरात अंधार दिसतो हे सांगायलाच फोन केला होता. धाकट्याला विचारलं तर त्याने सांगितलं होतं, दुरुस्ती चालू आहे.

वकिलाकडेही गेली ती. वकील म्हणाले, कोणी ढकलून घालवलं नाही, स्वतःच्या पायाने गेल्या, स्वतःच्या सहीने मुदत वाढवून घेतली. ते कागद सरकारी आहेत. आता कोण काय करणार.

शेपटी ओढून केलेली सही.

२२ ऑक्टोबर

बबडी आणि जावई रोज बोलतात. म्हणजे तीच बोलते. "आत्या, तू इथेच राहा. परत एकदा मुदत वाढवू. मी करते सगळं." आता तिला मला ठेवून घ्यायची घाई झालीय. जावयाने आज माझी माफी मागितली. मीच मागायला हवी होती, बिचाऱ्याला किती झाडलं मी. म्हणाला, "मी तिला सांगत होतो, आत्या. मला स्वतःला सांगायला हवं होतं." हवं होतं. हो. पण निदान त्याने ते म्हटलं.

मला इथे राहायचं आहे की नाही, माहीत नाही. नोव्हेंबरमध्ये विमानतळावर उतरून टॅक्सीवाल्याने "कुठे?" विचारलं तर काय सांगायचं, हे सुचत नाहीये. ते सुचेपर्यंत तरी वेळ हवा. म्हणून जाईन म्हटलं.

२९ ऑक्टोबर

मुदतवाढीच्या कचेरीत गेले. बबडी म्हणाली, "घराचा जुना कागद लाव, आत्या. त्यांना काय कळतंय?" मी म्हटलं, "तू गाडीत बस." मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही. पण त्या कागदाला हात लावायची इच्छाच होईना.

खिडकीत त्याच बाई होत्या. ओळखलं त्यांनी.

"परत? किल्ला राहिला का बघायचा?"

"किल्ला झाला. माझं घर गेलं."

"आग लागली?"

"विकलं."

"तुम्ही विकलंत?"

"नाही."

त्यांनी माझी फाइल उघडून जुन्या पानावर बोट ठेवलं. "मागच्या वेळी याच घराच्या आधारावर मी मुदत वाढवली होती. आता तिथे तुमचं काही उरलेलं नाही?"

"नाही."

"जमीन? नोकरी? मूल? कोणी तुमची वाट बघणारं?"

सात नंबर, असं मला म्हणायचं होतं. पण तिच्यासाठी त्यांच्याकडे रकाना नसणार.

"मग मला वाढवून देता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता त्यांचा. "पाहुणे म्हणून राहायचं तर परत जायला घर असावं लागतं. ज्यांना आहे त्यांनाच आम्ही राहू देतो."

"आणि ज्यांना नाही?"

"त्यांना परत जावं लागतं."

"कुठे?"

काचेपलीकडे त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. दहा नोव्हेंबर ही तारीख एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी फटीतून माझ्याकडे सरकवली आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आले. बबडीने गाडीचं दार आतून उघडलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "काय म्हणाल्या गं आत्या?"

मी बसले, पट्टा लावला. म्हटलं, "काही नाही. घरी जा म्हणाल्या."